हिमालयात एका उंचीनंतर झाडं का संपतात?

उत्तराखंडमधल्या चोपताहून तुंगनाथला चढायला लागलं की सुरुवातीला ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं दाट जंगल लागतं. थोडं वर गेल्यावर झाडं विरळ आणि बुटकी होतात. मग उरतं फक्त गवत. या कुरणांना तिथले लोक ‘बुग्याल’ म्हणतात, आणि जंगल जिथे संपतं त्या सीमेला ‘वृक्षरेषा’ म्हणतात. तुंगनाथ परिसरात ही रेषा साधारण ३,३०० मीटरवर आहे. पण ती तिथेच का?

थंडीमुळे झाडं मरतात का?

नाही. सायबेरियात हिवाळ्यात उणे ५० अंशांच्याही खाली पारा जातो, तरी तिथे जंगलं आहेत. प्रश्न उन्हाळ्याचा आहे. साधारण ५ अंशांखाली झाडाची पानं अन्न तयार करू शकतात, पण ते वापरून नवीन लाकूड आणि मुळं तयार होण्याचं काम जवळपास थांबतं. वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिश्चन कोर्नर यांनी जगभरच्या वृक्षरेषांची तुलना केली. वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास येतं, तिथे झाडांची हद्द संपते, असं त्यांना आढळलं.

मग गवत आणि झुडपं कशी जगतात? ती जमिनीलगत असतात. उन्हाने तापलेल्या जमिनीची ऊब त्यांना मिळते. उंच झाड मात्र थंड वाऱ्यात उभं असतं.

सगळीकडे उंची सारखी का नाही?

विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जाताना वृक्षरेषा खाली येत जाते. मोठ्या पर्वतसमूहांच्या आतल्या भागात उन्हाळा जास्त उबदार असतो, त्यामुळे तिथे ती वर सरकते. आग्नेय तिबेटमध्ये जुनिपरची झाडं सुमारे ४,९०० मीटरपर्यंत आढळतात. बोलिव्हियात पॉलिलेपिस नावाची झाडं ५,००० मीटरच्याही वर जातात. उलट हिमस्खलन, उभे कडे, घसरणारे दगड किंवा सततचा वारा असेल, तर तापमान पुरेसं असूनही झाडं बरीच आधी संपतात.

माणसाचा हात किती?

बराच. गुरं-मेंढ्या रोपं खातात, सरपणासाठी झाडं तुटतात, गवत चांगलं यावं म्हणून कुरणं जाळली जातात. आल्प्समध्ये शतकानुशतकांच्या चराईने जंगलाची सीमा अनेक ठिकाणी खाली ढकलली गेली. पुढे उंचावरची कुरणं ओस पडली आणि झाडं परत आली. म्हणजे झाडं वर सरकली की कारण हवामानबदलच, असं लगेच म्हणता येत नाही.

२००९ मध्ये जगभरातल्या १६६ ठिकाणांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी वृक्षरेषा वर सरकली होती, फक्त दोन ठिकाणी खाली आली होती आणि बाकीच्या ठिकाणी जागेवरच होती. थोडक्यात, झाडं कुठवर जाऊ शकतात हे तापमान ठरवतं. प्रत्यक्षात ती कुठवर जातात हे जमीन आणि माणूसही ठरवतात.

सह्याद्रीचे माथे उघडे का?

कळसूबाई फक्त १,६४६ मीटर उंच आहे. तिथे झाडं संपण्याइतकी थंडी नाही. माथा उघडा दिसतो तो कातळ, मातीचा पातळ थर, वारा, पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने, चराई आणि वणवे यांमुळे. त्यामुळे ती वृक्षरेषा नव्हे.

जंगल वर सरकलं तर बिघडलं कुठे?

झाडं वाढणं चांगलंच वाटतं. पण बुग्यालांवर मेंढपाळांचे कळप चरतात, आणि कुटकी, जटामांसीसारख्या औषधी वनस्पती अशाच उंच भागांत वाढतात. खालून झाडं आली की त्यांना वर सरकावं लागतं, आणि डोंगर वर जाताना निमुळता होत जातो. शिखराच्या पुढे जागाच नसते.