पाकिस्तानातील बँकव्यवसायाचे इस्लामीकरण : शब्द आणि व्यवहार

व्याजी बँक इस्लामी तत्त्वांवर आणणे म्हणजे केवळ ‘व्याज’ हा शब्द वगळणे नव्हे. ऋणको तरो वा बुडो, धनकोस ठरलेली रक्कम मिळावी, ही व्याजी व्यवहाराची रीत होय. उलट जोखीम पत्करल्यावाचून नफ्यावर हक्क नाही, हे इस्लामी व्यवहारशास्त्राचे सूत्र आहे. हे अंतर ओलांडणे किती दुर्घट आहे, हे पाकिस्तानच्या अनुभवावरून दिसून येते.

जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत या प्रयत्नास आरंभ झाला. इस्लामी विचारप्रणाली परिषदेने १९८० च्या अहवालात नफातोट्यातील भागीदारी हाच व्याजाचा खरा पर्याय मानला व अन्य प्रकार जपून योजावेत, असे बजावले. १ जानेवारी १९८१ पासून राष्ट्रीयीकृत बँकांत नफातोटा-भागीदारीची ठेवखाती सुरू झाली. जून १९८४ मध्ये स्टेट बँक ऑफ पाकिस्तानने अर्थपुरवठ्याचे बारा प्रकार मान्य केले, आणि १ जुलै १९८५ पासून रुपयांतील व्याजी ठेवी स्वीकारण्यास बंदी झाली. परकीय चलनातील ठेवी मात्र वगळण्यात आल्या.

कागदोपत्री परिवर्तन पूर्ण झाले. तथापि प्रत्यक्षात ‘मार्कअप’ हाच प्रकार सर्वत्र रूढ झाला. ग्राहकाचाच माल बँकेने खरेदी करावयाचा व तत्क्षणी चढ्या किमतीस, उधारीवर, त्यालाच परत विकावयाचा! माल गोदामातून हलत नसे आणि जोखीमही बँकेकडे येत नसे. भागीदारी मागे पडण्यास कारणेही होती. बँकांचा सेवकवर्ग तारण पारखण्यात तरबेज होता, धंदा पारखण्यात नव्हे. व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्या विश्वासार्ह नव्हत्या. आणि ठेवीदारास मुद्दल सुरक्षित हवे होते.

नोव्हेंबर १९९१ मध्ये संघीय शरियत न्यायालयाने हा प्रचलित मार्कअपही निषिद्ध ठरविला. डिसेंबर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत अपील पीठाने तो निर्णय उचलून धरला. जून २००२ मध्ये दोन्ही निर्णय रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीस परत गेले. २८ एप्रिल २०२२ रोजी शरियत न्यायालयाने पुनश्च व्याजास निषिद्ध ठरवून डिसेंबर २०२७ अखेरची मुदत घातली.

दरम्यान निराळा मार्गही चोखाळला गेला. फैसल बँकेने क्रमाक्रमाने शाखा पालटल्या व १ जानेवारी २०२३ पासून ती पूर्णतः इस्लामी बँक झाली. कायदा परिवर्तनाची तारीख ठरवू शकतो. परंतु विकलेला माल क्षणभर तरी बँकेच्या जोखमीवर होता काय, याचे उत्तर त्या त्या व्यवहाराच्या दप्तरातच शोधावे लागते.