शाळेच्या दारातून कायदेमंडळाच्या दारापर्यंत

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात धम्मावर लिहिणारे विद्वान पुष्कळ असतात. आम्ही गिरणीतली माणसं, आमचं वाचन पाळी सुटल्यावरचं. म्हणून आम्ही रोजच्या जगण्यातला एक विषय घेतला आहे. तो म्हणजे सार्वजनिक शाळा आणि ती मिळवण्यासाठी आपल्या माणसांनी सरकारदरबारी केलेल्या मागण्या. सकाळी आपलं पोर दप्तर घेऊन महापालिकेच्या शाळेत जातं. त्याची फी लागत नाही, त्याला जात विचारून बाहेर बसवत नाहीत. हे आपोआप घडलं असं नव्या पिढीला वाटतं. पण तसं नाही. त्यामागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचे अर्ज, निवेदनं आणि भाषणं आहेत.

सुरुवात एका मुलाच्या अर्जापासून करावी लागते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. सरकारने अर्ज फेटाळला. एका मुलाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, अशी सबब होती. प्रकरण विलायतेपर्यंत गेलं आणि १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी कळवलं की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत. कागदावर दार उघडलं, प्रत्यक्षात ते बंदच राहिलं. पण एका अर्जाने वरच्या सरकारला तत्त्व मान्य करायला लावलं, ही गोष्ट लहान नाही.

पुढचं नाव महात्मा जोतीराव फुले. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ पासून शाळा स्वतः चालवल्या होत्या. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. म्हणजे शाळेचा कारभार आणि नगराचा कारभार दोन्ही त्यांनी आतून पाहिले होते. १८८२ साली हंटर कमिशन नेमलं गेलं, तेव्हा १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी आपलं निवेदन दिलं. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामाने, आणि शिक्षणाचा पैसा मात्र खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा रोखठोक मुद्दा. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या, त्यांचा पगार बारा रुपयांच्या खाली नको, अशा त्यांच्या मागण्या. शिकवायचं काय, तर मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब, शेतीची आणि आरोग्याची माहिती. पगाराचा आकडासुद्धा सांगितला, हे लक्षात घ्या. ज्याने शाळा चालवली आहे तोच असा आकडा सांगू शकतो.

आता गिरणीची गोष्ट. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८१ साली, हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायला बंदी आली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ तासांची मर्यादा. म्हणजे बघा, ज्या वयाच्या पोराने शाळेत बसावं असं जोतीराव मागत होते, त्याच वयाच्या पोराने साच्यावर नऊ तास उभं राहायला कायद्याची परवानगी होती. शाळा आणि गिरणी ही दोन दारं एकाच पोरासमोर होती. एक दार बंद केल्याशिवाय दुसरं खऱ्या अर्थाने उघडणार नव्हतं. ही गाठ सुटायला पुढे बरीच वर्षं लागली.

मधल्या काळात संस्थानिकांनी करून दाखवलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरसकट एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. ब्रिटिश मुलखात मात्र कायदेमंडळाची पायरी चढावी लागली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं. स्थानिक संस्थांना वाटलं तर सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं करता यावं, एवढीच माफक मागणी होती. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पण मागणी मेली नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला.

मग आला १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा. त्याने जिल्हा आणि नगरपालिका पातळीवर स्कूल बोर्ड, म्हणजे शाळा मंडळं आणली आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे सोपवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा प्रसिद्ध ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. पाणवठे आणि धर्मशाळा एवढंच त्यातलं आपल्याला आठवतं. सार्वजनिक शाळाही त्यात होत्या, हे विसरलं जातं.

शाळा मंडळ आलं म्हणजे शाळा गावाच्या हाती आली. ऐकायला चांगलं वाटतं. पण गावाच्या हाती म्हणजे कोणाच्या हाती? ज्या गावात पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते, त्या गावाच्या मंडळात आपल्याला कोण विचारणार? बाबासाहेब १९२७ साली मुंबई विधिमंडळात गेले, आणि १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडे पुढे ठेवले. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या १०० मुलांतली फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त घेतं. प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवण्याच्या धोरणावरही त्यांनी टीका केली, कारण त्या मंडळांत दलितांचा आवाज नव्हता. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला दलितांच्या शिक्षणस्थितीवर वेगळं निवेदन दिलं. त्यात धारवाडच्या त्या मुलाचं प्रकरणही मांडलं. सत्तर वर्षांपूर्वीचा एका पोराचा अर्ज अशा रीतीने पुन्हा राज्यकर्त्यांपुढे गेला.

या सगळ्या इतिहासाचा कळस घटना समितीत झाला. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी शिक्षणाच्या कलमावर चर्चा चालू होती. सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा चौदा वर्षांऐवजी अकरा करावी अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घ्यायला घटना बंदी करते आहे, मग ते मूल त्या वयापर्यंत शाळेतच असलं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. १८८१ ची आणि १८८२ ची गाठ इथे सुटली. बालमजुरीबंदीचं कलम २४ आणि शिक्षणाचं मूळचं कलम ४५ यांत वयाचा आकडा एकच होता, चौदा. गिरणी कामगाराने ही दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

घटनेने दहा वर्षांची मुदत दिली होती. ती १९६० ला संपली, काम झालं नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे आता दिल्लीचाही त्यावर अधिकार आला. २००२ साली ८६ वी दुरुस्ती होऊन शिक्षण मूलभूत हक्क बनलं, २००९ साली संसदेने शिक्षण हक्क कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आज समग्र शिक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यात ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. म्हणून शाळेची गोष्ट नगरसेवकापाशी संपत नाही, ती आमदार-खासदारापर्यंत न्यावी लागते.

आपल्या मिरा-भाईंदरचं काय? मिठागरांचा आणि गावठाणांचा हा पट्टा. राई, मुर्धे, नवघर, उत्तन ही मूळची गावं. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून उठलेली कितीतरी कुटुंबं पश्चिम रेल्वेच्या या बाजूला येऊन राहिली. इथे महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमाच्या आहेत. त्या सगळ्या कष्टकऱ्यांच्याच पोरांच्या आहेत. राज्य शासनाने २०१३ साली नगरपालिका-महापालिकांची शिक्षण मंडळं रद्द करण्याचा निर्णय घेतला, आणि जुनी मंडळं टप्प्याटप्प्याने संपली. मंडळांत आपलं माणूस असावं म्हणून बाबासाहेबांनी आवाज उठवला, आणि आज मंडळच उरलं नाही. मग आपण बोलायचं कुठे?

उत्तर कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. कलम २२ सांगतं की या समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारी अनुदानाचा आधार तोच आराखडा. म्हणजे पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह, कमी पडणारा शिक्षक, हे मागण्याचा अधिकार पालकाच्या हातात आहे. पण होतं काय, सभा दिवसा असते, गेलं तर खाडा पडतो, म्हणून कागद घरी येतो आणि न वाचता सही होऊन परत जातो. ही सही फार महाग पडते.

एवढंच सुचवतो. विहारात महिन्यातून एक रविवार आपल्या वस्तीतल्या शाळांच्या समित्यांवरच्या पालकांनी एकत्र बसावं. आराखडा मोठ्याने वाचावा, ज्याला वाचता येत नाही त्याला समजावून सांगावा. मागणीत आकडा घालावा, जसा जोतीरावांनी बारा रुपयांचा घातला, जसे बाबासाहेबांनी १८ आणि ८२ मांडले. मग तो कागद महापालिकेत, आमदाराकडे आणि ठाण्याच्या खासदाराकडे पोच घेऊन द्यावा. पोच जपून ठेवावी. धारवाडच्या मुलाचा अर्ज जपला गेला म्हणून तो सत्तर वर्षांनी कामी आला.

जयभीम!