ऑल-टेरेन की रस्त्याचे टायर? परभणीच्या काळ्या रानातला हिशेब

गाडीचे टायर घासले की परभणीतल्या टायरच्या दुकानात हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : ‘ए/टी टाकायचे का?’ घर शहरात, शेत डांबरी सडकेपासून दोन-तीन किलोमीटर आत आणि वाट पांदणीची. अशा गाडीमालकाला जाड खाचांचा, रांगडा दिसणारा ऑल-टेरेन टायर मोहात पाडतो. त्याला पैसे जास्त पडतात. शिवाय पुढची चार-पाच वर्षे पावसाळी डांबरावर ब्रेक लावायची वेळ आली की गाडी त्याच टायरवर थांबणार असते. म्हणून हा निर्णय नुसत्या दिसण्यावर सोडण्यासारखा नाही.

परभणी जिल्ह्यात रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांना रस्त्याचाच टायर योग्य ठरतो. ए/टी टायर सहसा चिखलाच्या भीतीने घेतला जातो, आणि इथल्या चिखलातच त्याचा उपयोग सर्वांत कमी होतो. तो कामी येतो दगड, मुरूम आणि धसकटांच्या जागी.

नावांचा गोंधळ

‘ऑल-सीझन’ हा शब्द अमेरिकेतून आला. तिकडे उन्हाळ्याचे आणि बर्फाचे टायर वेगळे असतात आणि वर्षभर एकच टायर चालावा म्हणून ही मधली जात निघाली. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, हे त्यामागचे कारण. परभणीत थंडीच्या लाटेत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा त्याच्याही खाली जातो, पण तो पहाटे आणि मोजके दिवस. इथे टायरची परीक्षा मे महिन्यात होते. तेव्हा हवेचे तापमान ४२-४३ अंशांवर असते आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेले असते. त्यामुळे आपल्याकडे ऑल-सीझन म्हणजे साधा, रस्त्यासाठी बनवलेला टायर एवढेच समजावे. एसयूव्हीच्या मापात त्यालाच एच/टी, म्हणजे हायवे-टेरेन म्हणतात. जेके टायरच्या रेंजर आणि अपोलोच्या अ‍ॅप्टेरा मालिकेत एच/टी आणि ए/टी असे दोन्ही प्रकार मिळतात.

एम/टी म्हणजे मड-टेरेन हा तिसरा प्रकार फक्त चिखल-दगडांसाठी असतो. रोज ऑफिसला जाणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. टायरवर ‘एम+एस’ अशी अक्षरे असतात, त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ. ही अक्षरे खाचांच्या रचनेवरून छापली जातात. काळ्या रानातून गाडी बाहेर काढण्याची हमी त्यात नसते.

काळी माती आणि वाफसा

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते आणि वाळली की आकसून हातभर भेगा पडतात. शेतकऱ्याला हे सांगायला नको.

मृगाचे पहिले पाऊस पडतात तेव्हा वरचा दोन-तीन बोटांचा थर साबणासारखा होतो, पण खाली जमीन कठीण असते. गाडी रुतत नाही, घसरते. अशा वेळी ए/टीच्या कडा थोडा आधार देतात, पण तो शंभरेक मीटर टिकतो. चिकण माती खाचांत भरते, दाबली जाते आणि टायर लिंपल्यासारखा गुळगुळीत होतो. खाचा मोकळ्या व्हायला त्या रुंद हव्यात आणि चाकाने माती भिरकावण्याइतके वेगाने फिरायला हवे. पांदणीत दहाच्या वेगाने चाललेल्या गाडीचे चाक माती भिरकावत नाही, वेग वाढवला तर जागीच फिरून खड्डा करते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे दात दूरदूर असतात आणि बाहेरच्या बाजूला मोकळे सुटतात, हवाही कमी असते, म्हणून माती निसटते. ए/टीच्या खाचा त्यामानाने अरुंद.

ऑगस्ट-सप्टेंबरात माती खोलवर भिजलेली असते. तेव्हा प्रश्न पकडीचा उरत नाही, गाडीच्या वजनाने जमीनच खचते. चाके बुडून गाडीचा तळ मातीवर टेकला की टायर कोणताही असो, ट्रॅक्टर बोलवावा लागतो. त्यात बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. मागे माणसे किंवा पोती नसली तर त्या चाकांवर वजनही कमी पडते. दोन चाकांच्या गाडीला ए/टी लावून ती फोर-व्हील होत नाही.

शेतकरी पेरणीला वाफसा बघतो, गाडीनेही तोच बघावा. वाफसा आला की त्याच पांदणीतून साधी वॅगनआर निघून जाते. तो नसेल तर गाडी डांबरावर लावून चालत जाणे स्वस्त पडते. २०२१ साली राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. ज्या गावात पांदणीवर खडी-मुरूम पडून दबाई झाली, तिथे चिखलासाठी वेगळा टायर घेण्याचे कारणच उरत नाही.

ए/टी कुठे पैसे वसूल करतो

जिंतूर तालुक्यात, येलदरी आणि नेमगिरीच्या बाजूला चित्र बदलते. गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटच्या डोंगरांकडे गेल्यावरही तसेच. इथे जमीन हलकी, मुरमाड, उघड्या दगडांची. कच्च्या वाटेवर टोकदार दगड टायरच्या तळाला आणि बगलेला कापतात. ए/टीचा तळ जाड असतो, बगलेवर रबराचे जादा ठोकळे असतात आणि रबरही काप सोसणारे असते. मुरमावर त्याची पकड चांगली असते आणि मुरूम काळ्या मातीसारखा खाचांत चिकटून बसत नाही.

दुसरी जागा म्हणजे पीक काढलेले रान. तुरीची आणि पऱ्हाटीची कापलेली धसकटे वाळली की खिळ्यासारखी होतात. त्यांनी ट्रॅक्टरचे टायरही फुटतात. बांधावरच्या बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा वेगळाच. जाड तळामुळे काट्याचे पंक्चर कमी होतात. धसकट बगलेत घुसले तर मात्र ए/टीही वाचत नाही, आणि बगलेला फाटलेला टायर कोणताही असो, त्याला ठिगळ मारून हायवेवर जाऊ नये.

बांधकामाच्या साइटवर, खदानीवर, पाटबंधाऱ्याच्या कामावर किंवा डोंगरातल्या वस्त्यांवर ज्यांची गाडी आठवड्यातून चार-पाच दिवस जाते, त्यांनी ए/टी जरूर घ्यावा. वर्षातून दोनदा हुरड्याला रानात जाणाऱ्याने घेण्यात मतलब नाही.

डांबरावर मोजावी लागणारी किंमत

परभणीहून पाथरी, मानवत किंवा नांदेडकडे राष्ट्रीय महामार्ग ६१ने जाणाऱ्या गाडीचे बहुतेक किलोमीटर डांबरावर किंवा काँक्रीटवर होतात. तिथे ए/टीचे तोटे मोजता येतात.

पहिला ब्रेकचा. रुंद खाचांमुळे रस्त्याला टेकणारे रबर कमी पडते आणि ते रबरही सहसा कडक असते. ओल्या, गुळगुळीत रस्त्यावर ए/टी लावलेली गाडी साधारणपणे उशिरा थांबते. रस्त्यात बैलगाडी आली, की उसाची ट्रॉली दिवे न लावता उभी दिसली, की हेच अंतर जिवावर येते. साचलेल्या पाण्यात मात्र खोल, रुंद खाचा पाणी लवकर बाहेर काढतात, म्हणजे तिथे ए/टी अगदीच मागे नाही. बारीक पावसातल्या चकचकीत डांबरावर तो कमी पडतो.

दुसरा इंधनाचा. ए/टी जड असतो आणि फिरताना जास्त विरोध करतो. समजा गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १४ किलोमीटर देते. सरासरी ५ टक्क्यांनी उतरली तर वर्षाला साधारण ५६ लिटर डिझेल जास्त लागेल. म्हणजे पाच हजारांच्या आसपास रुपये, दरवर्षी. आवाजही वाढतो. साठच्या पुढे येणारी घूं-घूं काहींना आवडते, नांदेडपर्यंत मागे बसलेल्या आजीला आवडेलच असे नाही.

तिसरा उष्णतेचा. जाड ठोकळे वाकतात आणि तापतात. उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत, कमी हवेवर सलग वेगाने जाणे कोणत्याही टायरला धोक्याचे असते. जालन्याला जाऊन समृद्धी महामार्गाला लागणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. तिथे मोटारींना १२० किलोमीटर वेगाची परवानगी आहे आणि टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा महामार्ग सुरू झाल्यापासून आहे.

टायरवरचे आकडे

टायरवर ‘२१५/७५ आर १५ १००एस’ असे लिहिलेले असते. रुंदी २१५ मिलिमीटर, बगलेची उंची तिच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. १०० हा भारांक, म्हणजे एका टायरवर ८०० किलोपर्यंत वजन. एस म्हणजे १८० किलोमीटरची वेगमर्यादा. कंपनीने दिलेल्या भारांकापेक्षा खालचा टायर घेऊ नये, मग तो कितीही तगडा दिसो.

गाडी उंच दिसावी म्हणून २१५ऐवजी २३५/७५ बसवणारे बरेच असतात. त्याने चाकाचा व्यास साधारण ७०४ मिलिमीटरवरून ७३४ मिलिमीटर होतो. मग मीटरवर १०० दिसताना गाडी खरी १०४च्या वेगाने जात असते, पिकअप मंदावते आणि टायर मडगार्डला घासू शकतो. कंपनीने मान्य न केलेले माप असेल तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

बगलेवर चार आकडी तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. दुकानात बराच काळ पडून राहिलेला ‘नवा’ टायर सवलतीत मिळाला तरी नाकारलेला बरा. आयएसआयची खूण हवीच. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे असतात, तळ झिजून त्यांच्या बरोबरीला आला की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र ३ मिलिमीटरला बदलणे शहाणपणाचे. २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या भावाच्या यादीवर बिल होत नाही ना, हेही पाहावे.

मधला मार्ग आणि वापर

स्विफ्ट, वॅगनआरसारख्या गाड्यांच्या मापात ए/टी फारसा मिळतच नाही, त्यामुळे तिथे प्रश्न मिटतो. मोठ्या गाडीला निम्म्याहून जास्त किलोमीटर डांबरावर करायचे असतील तर चांगल्या प्रतीचा एच/टी घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर व मजबूत ओढदोर गाडीत ठेवावा. मऊ जमिनीवर हवा २० पीएसआयच्या आसपास आणली की टायर पसरतो आणि कमी रुततो. हे खाचांपेक्षा जास्त उपयोगी पडते. सडकेवर येताच, वेग धरण्याआधी हवा पूर्ववत भरायला मात्र विसरता कामा नये. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी. प्रवास करून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडली तर टायर प्रत्यक्षात कमी हवेवर चालतो.

पुढे एच/टी आणि मागे ए/टी अशी खिचडी टाळावी. थारसारख्या फोर-व्हील गाडीत तर चारही टायर एकाच जातीचे आणि सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर ताण थेट गिअरवर येतो. दोनच नवे घेणे परवडत असेल तर ते मागच्या चाकांना लावावेत. ओल्या रस्त्यावर मागचा भाग सुटला की गाडी सावरणे अवघड जाते.

रानातून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूची माती धुऊन काढावी. ती एका जागी वाळून बसली की ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, आणि गाडीमालक टायर खराब निघाला म्हणून दुकानदाराकडे जातो.