फोडणीमागची भिंत

“डॅडोला काय लावायचं?” कॉन्ट्रॅक्टरने विचारलं. डॅडो म्हणजे ओट्यामागची भिंत, हे मला तेव्हा कळलं. आई लगेच म्हणाली, “पांढऱ्या टाइल्स. आहेत तशाच.” मला काच हवी होती. मागून रंगवलेली, एकसंध, फोटोत दिसते तशी. दोन दिवस आमचं नीट बोलणं नव्हतं. त्या दोन दिवसांत मी या भिंतीचा इतिहास वाचत बसलो.

चूल जमिनीवर होती तोवर असा प्रश्नच नव्हता. मोहरी गुडघ्याच्या उंचीवर तडतडायची आणि मागची भिंत धुराने काळी व्हायची. ती भिंत पुसत नसत, सारवत. शेण-मातीचा किंवा चुन्याचा नवा थर चढला की जुनं तेल, जुनी काजळी आत गडप. दर सणाला भिंतीला नवी कातडी. कष्ट अर्थात घरातल्या बाईचेच.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारी माणसं घराघरांत शिरून भिंतींना चुना फासत होती. घाण म्हणजे रोग, हे समीकरण तेव्हा पक्कं झालं. तिकडे इंग्लंडमध्ये त्याचं उत्तर तयार होतं. 1840 साली रिचर्ड प्रॉसरने मातीची जवळजवळ कोरडी पूड साच्यात दाबून बटणं करण्याचं पेटंट घेतलं. मिंटन कंपनीने त्याच पद्धतीने टाइल्स दाबल्या. ओली माती आठवडेच्या आठवडे वाळवायला नको, त्यामुळे वाकडेपणा कमी आणि भावही कमी. या टाइल्स दवाखान्यांत, दूधडेऱ्यांत, खाटकाच्या दुकानांत लागल्या. पांढरा रंग शोभेसाठी नव्हताच. डाग लपू नये म्हणून होता!

आपल्या स्वयंपाकघरात मात्र त्या सावकाश आल्या. 1920च्या दशकातल्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीतच संसार, तिथे वेगळं स्वयंपाकघर कुठलं? मग 1955 मध्ये बर्मा शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, म्हणून हळूहळू घरोघरी कडप्प्याचा ओटा आला. बाई उभी राहिली आणि फोडणी छातीच्या उंचीवर उडू लागली. 1958 मध्ये जॉन्सन टाइल्सची कंपनी भारतात सुरू झाली. पुढे मोरबीने, जिथे आधी छपराची कौलं बनत, टाइल इतकी स्वस्त केली की बिल्डरही ती देऊ लागले. पण मोजून. आमच्याकडे सहा इंची टाइल्सच्या चार ओळी, म्हणजे दोन फूट. वर ऑइल पेंट. तेलाचा पिवळा पट्टा बरोबर पाचव्या ओळीच्या जागी सुरू होतो. मोहरीला बिल्डरचा हिशोब कोण सांगणार?

तिसऱ्या दिवशी, रविवारी, मी जुना टूथब्रश आणि साबण घेऊन ती भिंत घासायला घेतली. टाइलवरची झिलई म्हणजे काचेचाच पातळ थर, त्यामुळे ती एका फडक्यात स्वच्छ. पण सांधे सिमेंटचे. हळद त्यांत मुरलेली, आणि साबण लागताच ती पिवळ्याची लाल झाली. मी घाबरलो. “क्षार लागला की होते,” आई दारातून म्हणाली. “उन्हाने जाईल.” आमच्या ओट्यामागे ऊन येत नाही. चाळीस वर्षं ती हे सांधे घासत होती आणि मी पहिल्यांदाच.

काचेला सांधा नाही, हे तिला मान्य होतं. तिचं म्हणणं वेगळं. “टाइल फुटली तर एक बदलता येते. काच गेली की अख्खी.” शिवाय ओट्यामागे लागते ती टफन केलेली काच, तिला नंतर भोक पाडता येत नाही. मिक्सरचा प्लग कुठे हवा ते आजच ठरवायचं. आणि आमच्याकडे मिक्सरची जागा दर दिवाळीला बदलते. संगमरवराचा विषय मीच काढला आणि मीच मिटवला, चिंच-लिंबाचं आंबट त्याला खातं.

शेवटी पांढऱ्या टाइल्सच, पण एक बाय दोन फुटांच्या. सांधे कमी, आणि जे उरतील त्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी. थोडी महाग आहे, पण हळद पीत नाही.

कॉन्ट्रॅक्टर मापं लिहून घेत होता. “दोन फूट ना?”

“वरच्या कपाटापर्यंत,” आई म्हणाली. “मध्ये कुठे थांबू नका.”