जिहादी, खबऱ्या, माफीचा साक्षीदार: डेव्हिड हेडलीची गोष्ट

मी वडवणीचा. पोटापाण्यासाठी कोड लिहितो, उरलेल्या वेळात इतिहास वाचतो. आजचा एपिसोड एका अमेरिकन माणसावर आहे, पण त्याचा एक धागा थेट आपल्या बीड जिल्ह्यात येतो.

८ फेब्रुवारी २०१६, मुंबईचं सत्र न्यायालय. समोर न्यायाधीश जी. ए. सानप, प्रश्न विचारायला सरकारी वकील उज्ज्वल निकम. खटला गेवराईच्या झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदालवर. २६/११ च्या दहा हल्लेखोरांना हिंदी शिकवलं आणि कराचीतून फोनवर सूचना दिल्या, हा त्याच्यावरचा आरोप. अमेरिकेतल्या कोठडीतून व्हिडिओ लिंकवर साक्ष देत होता डेव्हिड हेडली. हल्ल्याआधी मुंबईची रेकी याच माणसाने केली होती. मग तो सरकारचा साक्षीदार कसा झाला?

त्यासाठी मागे जाऊ. त्याचं जन्मनाव दाऊद गिलानी. जन्म १९६०, वॉशिंग्टन. वडील पाकिस्तानी प्रसारक, आई अमेरिकन. तो पाकिस्तानात वाढला, हसन अब्दालच्या कॅडेट कॉलेजात शिकला. तहव्वुर राणा हा तिथला मित्र. १९७७ मध्ये तो अमेरिकेत आईकडे गेला आणि पुढे हेरॉइनच्या धंद्यात शिरला.

१९८८ मध्ये फ्रँकफर्ट विमानतळावर तो हेरॉइनसह पकडला गेला. त्याने लगेच साथीदारांची नावं दिली. त्याला ४ वर्षं शिक्षा झाली, साथीदारांना त्याहून बरीच जास्त. १९९७ मध्ये पुन्हा अटक. या वेळी तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा, म्हणजे डीईएचा, खबऱ्या झाला आणि शिक्षा पुन्हा कमी झाली. इथे त्याला गणित कळलं: आपल्याकडची माहिती विकता येते.

नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकन न्यायालयाने त्याच्यावरची देखरेख मुदतीआधीच संपवली. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २००२ मध्ये, हा अमेरिकन नागरिक लष्कर-ए-तैयबाच्या छावणीत प्रशिक्षण घेत होता. त्याला कुणी ओढून नेलं नव्हतं, तो स्वतः गेला. त्याला काश्मीरमध्ये लढायचं होतं. पण लष्करच्या लोकांना वाटलं, चाळिशी गाठलेल्या माणसापेक्षा त्याचा अमेरिकन पासपोर्ट जास्त कामाचा. २००६ मध्ये त्याने अधिकृतपणे नाव बदललं आणि दाऊद गिलानीचा डेव्हिड कोलमन हेडली झाला. राणाच्या इमिग्रेशन फर्मचं ऑफिस मुंबईत उघडलं. ताज हॉटेलचं व्हिडिओ शूटिंग केलं, बोटीतून फिरून किनारा पाहिला, उतरायच्या जागा जीपीएसवर नोंदवल्या. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झाला. १६६ माणसं मेली.

आता नीट ऐका. या काळात त्याची माहिती अमेरिकेला कुणीच दिली नव्हती का? दिली होती. २००५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या त्याच्या पत्नीने सांगितलं, की हा लष्करच्या छावणीत जाऊन आलाय. हल्ल्याच्या काही महिने आधी दुसऱ्या पत्नीने इस्लामाबादच्या अमेरिकन दूतावासात जाऊन हेच सांगितलं. पुढे ठोस काहीच झालं नाही. माहिती विकणाऱ्यासाठी दार उघडं, आणि घरातल्या बाईने फुकट दिलेली माहिती फायलीत. मला हा या गोष्टीतला सगळ्यात जड भाग वाटतो.

३ ऑक्टोबर २००९ ला शिकागो विमानतळावर अटक झाली आणि हेडलीने तिसऱ्यांदा तोच सौदा केला. मार्च २०१० मध्ये गुन्हे कबूल. बदल्यात फाशी नाही आणि भारताकडे प्रत्यार्पणही नाही. २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. १० डिसेंबर २०१५ ला मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केलं. अट एकच: जे माहीत आहे ते पूर्ण आणि खरं सांगायचं.

त्याने बरंच सांगितलंही. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००८ मध्ये हल्ल्याचे दोन प्रयत्न फसले होते, पहिल्यांदा बोट खडकावर आदळली होती, हे त्यानेच या साक्षीत सांगितलं.

पण असल्या माणसावर विश्वास ठेवायचा किती? कायद्याने याचा विचार आधीच करून ठेवलाय. गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष चालते, पण महत्त्वाच्या मुद्द्यांवर तिला स्वतंत्र पुरावा जोडीला असावा, हे आपल्या न्यायालयांचं जुनं तत्त्व. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच सर्व्हरच्या लॉगवरून निष्कर्ष काढायचा नाही, दुसऱ्या ठिकाणची नोंद जुळते का ते बघायचं. २०११ मध्ये शिकागोत राणाविरुद्ध हेडली कित्येक दिवस बोलला. तरी ज्यूरीने राणाला मुंबई हल्ल्याच्या आरोपातून सोडलं, दुसऱ्या दोन आरोपांत दोषी धरलं. तोच राणा एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणला गेला. म्हणजे हेडलीचा शब्द पुन्हा तपासला जाणार.

आपल्याला याचं काय? गेवराईचं नाव बातमीत आलं, की बाहेर शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बीडच्या पोरांना टोमणे ऐकावे लागतात. टीव्हीवर साक्ष संपायच्या आत निकाल लागलेला असतो. २००६ च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात अन्सारीला जन्मठेप झाली, तो न्यायालयाचा निकाल आहे. हेडलीची साक्ष हा निकाल नाही. कोर्टाने पुढे तोलायचा तो एक पुरावा आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमक्याने सगळं कबूल केलं’ असा व्हिडिओ ग्रुपवर आला, की दोन प्रश्न विचारा: हे बोलून त्याला काय मिळणार आहे? आणि दुसरं कोण हेच सांगतंय?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.