शंभरचा प्लॅन अन् बाराचं स्पीड: आधी विचारा, कोणते बारा?

"शंभरचा प्लॅन घेतला, पण बाराच्या वर जातच नाही." चुडावा असो, पूर्णा असो की नांदेड, हे वाक्य कुठंही ऐकायला मिळतं. सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांकडून तर रोजच. फसवणूक झाली की नाही हे ठरवायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा असतो: बारा काय? बिट की बाइट? या प्रश्नामागं पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. पोस्ट मोठी आहे, पण वाचा. तुमच्याच पैशाचा मामला आहे.

दोन मापांचा हिशेब आपल्या भागाला नवा नाही. निजामाच्या राज्यात परभणीकडं हाली सिक्का चालायचा, ब्रिटिश मुलखात कलदार. १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सहाला सात, असा सरळ हिशेब. नुसते "शंभर रुपये" म्हणून सौदा व्हायचा नाही. हाली की कलदार, ते आधी ठरायचं.

बिट आणि बाइटचं तसंच आहे. 'बिट' हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या लेखात छापून आला १९४८ साली. आपल्याकडं पोलीस ॲक्शन झाली तेच वर्ष. शॅनन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते, त्यामुळं तारेतून काय जातं ते मोजायचं माप बिट झालं. 'बाइट' आला १९५६ च्या सुमारास, आयबीएममधल्या वर्नर बुखहोल्झ यांच्याकडून. एक अक्षर साठवायला लागणारा बिटांचा गठ्ठा म्हणजे बाइट. १९६४ च्या सिस्टीम ३६० या यंत्रापासून हा गठ्ठा आठ बिटांचा म्हणून रूढ झाला. तेव्हापासून तारवाले बिटात बोलतात आणि साठवणवाले बाइटात.

गंमत अशी, की साठवणवालेही एका मापावर टिकले नाहीत. १९८० ची पाच एमबीची सीगेट हार्डडिस्क सेकंदाला ५ मेगाबिट द्यायची. १.४४ एमबीची फ्लॉपी ५०० किलोबिट. कारण केबलमधून एकेक बिट रांगेनं जायचा. नंतर रुंद पट्टीची आयडीई केबल आली. तिच्यातून एकदम दोन बाइट जायचे, म्हणून तिचा वेग बाइटात सांगू लागले: ३३, ६६, १००, शेवटी १३३ मेगाबाइट. मग पातळ साटा केबल आली, पुन्हा एकेक बिट, म्हणून पुन्हा माप बदललं: १.५ गिगाबिट. आठानं भागलं तर १८७ मेगाबाइट यायला पाहिजेत, पण मिळतात १५०. कारण तिथं आठ बिट पाठवायला दहा बिट खर्ची पडतात. वरचे दोन वाटखर्चीचे समजा.

आता ही सगळी जुनी मापं आजच्या नेटच्या मापात, म्हणजे सेकंदाला मेगाबिटमध्ये, आणून बघा:

फ्लॉपी: ०.५
पहिल्या पिढीचा सीडी ड्राइव्ह (१५० किलोबाइट): १.२
५२ एक्स सीडी ड्राइव्ह: सुमारे ६२, तेही सीडीच्या बाहेरच्या कडेला
१३३ वाली आयडीई: १०६४
पेनड्राइव्हचं यूएसबी २.०: ४८० (म्हणजे ६० मेगाबाइट, प्रत्यक्षात बरंच कमी)

आता याशेजारी सरकारची व्याख्या ठेवा. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट. फ्लॉपीच्या जवळपास निम्मं! २०१३ मध्ये ते ५१२ झालं, म्हणजे फ्लॉपीला गाठलं. २०२३ मध्ये २ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २५० किलोबाइट. चाळीस वर्षांपूर्वीच्या सीडी ड्राइव्हच्या दुप्पटसुद्धा नाही.

मी बातमीदारी सुरू केली तेव्हा जास्त फोटो असले की सीडी भरून नांदेडला गाडीनं पाठवायचो. ७०० एमबीची सीडी तासाभरात पोचली, तर वेग पडतो सेकंदाला दीड मेगाबिट. तेच फोटो २५६ किलोबिटच्या ब्रॉडबँडवर पाठवायचे तर सहा तास. म्हणजे तेव्हा आमची पॅसेंजर कायद्याच्या ब्रॉडबँडपेक्षा सहापट वेगवान होती!

आता मूळ तक्रारीकडं येऊ. १०० मेगाबिटला आठानं भागा, साडेबारा मेगाबाइट. म्हणजे डाउनलोडच्या खिडकीत १२ मेगाबाइट दिसत असतील तर तुमचं कनेक्शन चोख आहे. पण स्पीड टेस्टमध्ये १२ मेगाबिट दिसत असतील तर पदरात पडतोय आठवा हिस्सा. आकडा तोच. एकीकडं तक्रारीचं कारणच नाही, दुसरीकडं तक्रार केलीच पाहिजे.

इंग्रजीत हा फरक लहान 'बी' आणि मोठा 'बी' असा दाखवतात. आपल्या देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही. "१०० एमबीपीएस" छापलं की दोन्ही मापं एक होऊन जातात. बातमीत, ग्रामपंचायतीच्या ठरावात, कंपनीच्या जाहिरातीत सगळीकडं तेच. म्हणून माझ्या पत्रकार मित्रांना विनंती आहे: मेगाबिट की मेगाबाइट, पूर्ण लिहा. चार अक्षरं जास्त लागतील, लागू द्या.

आणि गावकऱ्यांना सांगणं असं. भारतनेटमध्ये ग्रामपंचायतीला सांगितलेले १०० हे मेगाबिट आहेत, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. ते शाळा, दवाखाना, कार्यालय यांच्यात वाटले की किती उरतात, हे ग्रामसभेत विचारा. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी केंद्रापुढं रांग लागते, तेव्हा ५ मेगाबाइटचा एक फोटो म्हणजे ४० मेगाबिट असतो. २ मेगाबिटच्या लाइनवर एका फोटोला २० सेकंद, तेही लाइन दुसरं कुणी वापरत नसेल तर. आणि फोटो चढवायचा असतो, म्हणून टेस्ट करताना अपलोडचा आकडा बघा. तो बहुतेक वेळा डाउनलोडपेक्षा कमीच असतो.

तुमच्या गावात आज किती येतंय? टेस्ट करा आणि कमेंटमध्ये टाका. फक्त आकडा नको, बिट की बाइट तेही लिहा.