५९९ डॉलर्स फक्त!

गेल्या शनिवारी माळा आवरताना एक खोकं सापडलं. आत प्लेस्टेशन २ आणि शेजारी विटेएवढा जड स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. ऑनसाइट गेलेल्या मित्राने अमेरिकेतून आणलेला ११० व्होल्टचा माल. तिकडे स्वस्त म्हणून मागवायचा आणि मग लॅमिंग्टन रोडवर ट्रान्सफॉर्मर शोधत हिंडायचं, हा तेव्हाचा रिवाज. "सरळ इथेच का नाही घेतलास?" बायकोने विचारलं. एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हा लेख.

यंत्र तेच, कंपनी तीच, पण देशागणिक भाव वेगळा. याचं सगळ्यात भन्नाट उदाहरण म्हणजे प्लेस्टेशन ३.

मे २००६ मध्ये सोनीने अमेरिकेतला भाव जाहीर केला: २० जीबीचं मॉडेल ४९९ डॉलर्स, ६० जीबीचं ५९९. त्याच वर्षी आलेला निन्टेन्डोचा वी होता २४९ ला! प्लेस्टेशनचा जनक केन कुतारागी मात्र भाव जरा कमीच आहे म्हणत होता. आता गंमत बघा, हिशोबाने तो खरंच बोलत होता. आयसप्लाय या संस्थेने यंत्र उघडून सुटे भाग मोजले, तर ६० जीबीच्या मॉडेलचा खर्च निघाला ८४० डॉलर्सच्या आसपास. म्हणजे प्रत्येक नगामागे सोनी दोनशेच्या वर पदरचे घालत होती. नवा सेल प्रोसेसर, ब्लू-रे ड्राइव्ह, सगळंच महाग. तोटा गेम्सच्या विक्रीतून भरून काढायचा, हा या धंद्याचा जुना मंत्र. पण त्यासाठी आधी यंत्र घरात पोचायला हवं ना!

जपानमध्ये लोकांची कुरकुर सोनीच्या कानावर लगेच गेली, घरचंच गिऱ्हाईक ते. विक्री सुरू व्हायच्या आधीच, सप्टेंबर २००६ मध्ये, २० जीबीचा भाव ६२,७९० येनवरून ४९,९८० वर आणला. करासकट हे साधारण सव्वाचारशे डॉलर्स होतात. ११ नोव्हेंबरला जपानमध्ये आणि १७ ला अमेरिकेत विक्री सुरू झाली. माल कमी, त्यामुळे इबेवर दुप्पट-तिप्पट भावाने उड्या.

आणि युरोप? ब्लू-रेचे लेझर डायोड पुरेनात, म्हणून युरोपला चार महिने थांबवलं. मार्च २००७ मध्ये ब्रिटनमध्ये भाव लागला ४२५ पौंड. तेव्हाच्या दराने सुमारे ८३० डॉलर्स! साडेसतरा टक्के व्हॅट वजा केला तरी सातशेच्या वर. वर कडी म्हणजे युरोपच्या मॉडेलमधून प्लेस्टेशन २ ची एक मुख्य चिप काढून टाकलेली. जास्त पैसे, कमी माल, तोही उशिरा. युरोपचं गिऱ्हाईक कुठे जात नाही, हा निव्वळ माज होता असं माझं मत.

बरं, मग तिकडच्यांनी हाँगकाँगहून का मागवू नये? मागवत होतेच. पीएसपीच्या वेळी लिक-सांग नावाचं ऑनलाइन दुकान युरोपला परस्पर माल पाठवायचं. सोनीने लंडनच्या कोर्टात खेचलं, कोर्टाने सोनीच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये दुकान बंद पडलं. माझ्या मित्राच्या बॅगेवर कुणी खटला भरला नाही, हे आमचं नशीब.

ब्रिटनमध्ये पहिल्या दोन दिवसांत १ लाख ६५ हजार नग खपले. लंडनला रांगेतल्या शंभरावर लोकांना सोनीने ४६ इंची टीव्ही फुकट वाटले (च्यायला, तेवढ्यात भाव कमी नसता का करता आला?). पण पुढच्याच आठवड्यात विक्री आपटली. हौशे लोक संपले होते. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाचा तोटा २३२ अब्ज येन होता. जूनमध्ये कुतारागी निवृत्त झाला. मग ऑक्टोबरमध्ये युरोपसाठी ३९९ युरोचं मॉडेल आलं आणि सप्टेंबर २००९ मध्ये २९९ डॉलर्सचं स्लिम. तीन आठवड्यांत दहा लाख स्लिम खपले.

नुसता भाव उतरवला की झालं, असंही नाही हं. एक्सबॉक्स ३६० जपानमध्ये अमेरिकेपेक्षा स्वस्त विकला, तरी आयुष्यभरात तिथे जेमतेम १६ लाख गेले. जपानी लोकांना हवे ते खेळच त्यावर कमी होते.

आता आपल्याकडे. एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ भारतात आला, ३९,९९० रुपयांना. तेव्हा डॉलर ४२ च्या आत होता, म्हणजे अमेरिकेतला भाव पंचवीस हजार. वरचे पंधरा हजार आयात शुल्क, कर आणि छोट्या बाजाराचा दंड. शिवाय एकेक गेम अडीच हजारांच्या घरात. प्लेस्टेशन २ वर चिप बसवून रस्त्यावरच्या डीव्हीडी खेळणाऱ्या आम्हा लोकांना हे झेपणारं नव्हतंच. माझा तेव्हाचा महिन्याचा पगार याहून कमी होता.

२०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ आला, अमेरिकेत ३९९ डॉलर्स, इथे ३९,९९०. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ चं बिनडिस्कचं मॉडेल आलं, तेही ३९,९९०! आकडा कुणाचा लकी नंबर आहे की काय, देव जाणे.

असो. ट्रान्सफॉर्मर रविवारी लावून बघितला. अजून गुणगुणतो, आणि प्लेस्टेशन २ सुरू होतो.